शिरूर आणि दौंड येथील बाजारपेठेचे समाजजीवन

शिरूर (घोडनदी) आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुक्यांची मुख्य ठिकाणे आहेत. शिरूर हे घोड नदीच्या काठी पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) रस्त्यावर, तर दौंड हे भीमा नदीच्या काठी मुंबई–चेन्नई लोहमार्गावर वसले आहे. दोन्ही गावांना नगरपरिषद आहे, न्यायालय आहे, तहसील कचेरी आहे. तरीही त्यांची खरी ओळख आजूबाजूच्या खेड्यांची बाजारपेठ हीच राहिली आहे. अशा गावाला बोलीभाषेत ‘बाजाराचे गाव’ म्हणतात. या गावांमधील समाजजीवन कशावर उभे राहिले, त्याची ओढ लोकांना का वाटते आणि त्या जवळिकीची किंमत कोणी मोजली, याचा परिचय या लेखात करून दिला आहे.

बाजाराचे गाव : संकल्पना

दख्खनच्या खेड्यात माणसाचे स्थान जन्माने ठरलेले असे. पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, मिरासदार व उपरी अशी ही रचना होती. सुताराने वर्षभर नांगर दुरुस्त करावेत आणि खळ्यावर बलुते घ्यावे, असा व्यवहार होता. बाजाराचे गाव याहून वेगळे असते. तेथे बहुतेक लोक कुठून तरी आलेले असतात. दुकानदार एका प्रांतातला, हमाल दुसऱ्या तालुक्यातला, कचेरीतला कारकून बदलीवर आलेला. त्यांच्यात भावकी नसते. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे पुन्हापुन्हा होणारी भेट.

मराठेशाहीत परगण्याच्या मुख्य गावाला ‘कसबा’ म्हणत आणि नव्याने वसविलेल्या व्यापारी वस्तीला ‘पेठ’. पेठ वसविण्यासाठी सरकारकडून कौल दिला जाई. सुरुवातीची काही वर्षे करात सूट मिळे आणि पेठेचा कारभार शेटे व महाजन हे वतनदार पाहत. इंग्लंडमधील छोट्या बाजारगावांचा इतिहास याच्याशी पुष्कळ जुळतो. तेथे मध्ययुगात राजाच्या सनदेने ठरावीक वारी बाजार भरविण्याचा हक्क मिळत असे. तेराव्या शतकातील कायदेपंडित ब्रॅक्टन यांच्या ग्रंथात दोन बाजारांमधील अंतर पावणेसात मैलांच्या आसपास असावे असा दंडक आढळतो. माणसाने सकाळी निघून, सौदा करून दिवस मावळण्यापूर्वी घरी परतावे, हा त्यामागील हिशेब. आपल्याकडे हा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही, पण बैलगाडीने तोच पाळला. जवळच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी भरतात, ही व्यवस्था त्यातूनच आलेली आहे.

शिरूर : छावणीचे गाव

शिरूरला जुनी माणसे आजही ‘घोडनदी’ म्हणतात. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या वाटेवर येथे नदी ओलांडावी लागे आणि तेथे मुक्काम पडणे स्वाभाविक होते. १८०२ च्या वसई तहानंतर इंग्रजांनी पेशव्यांच्या मदतीच्या नावाखाली जी तैनाती फौज ठेवली, तिची छावणी शिरूर येथे पडली. १८१७ च्या ३१ डिसेंबरला कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी येथूनच पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी तिची लढाई झाली. छावणीला धान्य, गवत, कापड, नालबंद, शिंपी, मोची असे सारेच लागते. फौजेमागे बाजार येतो आणि फौज निघून गेली तरी बाजार मागे उरतो. शिरूरचे तसेच झाले.

येथील नगरपालिका १८६८ मध्ये स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये शिरूरला सुमारे पन्नास सावकार, व्यापारी व दुकानदार असल्याची आणि शनिवारच्या बाजारात गुरे व घोडे मोठ्या संख्येने विकले जात असल्याची नोंद आहे. घोड्यांच्या या व्यापाराला पार्श्वभूमीही होती. भीमेच्या काठचा हा सारा मुलूख भीमथडीच्या तट्टांसाठी प्रसिद्ध होता.

त्याच गॅझेटियरमध्ये एक विलक्षण नोंद आहे. १८०९ मध्ये शिरूर येथे मरण पावलेले कर्नल विल्यम वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याची कबर येथील दफनभूमीत आहे. लोक त्यांना ‘सत्पुरुष’ मानत. ब्राह्मण व मारवाडी सोडून शिरूर व परिसरातील सर्व हिंदू त्या कबरीला भजत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य तेथे दाखवीत, असे गॅझेटियरकार लिहितात. परक्या सत्तेचा, परक्या धर्माचा लष्करी अधिकारी गावाच्या देवांमध्ये जाऊन बसतो, ही गोष्ट एखाद्या जुन्या खेड्यात घडणे अवघड होते. बाजाराच्या गावात कोण कोठून आला याची चौकशी कमी होते आणि तो कसा वागला याची आठवण जास्त राहते, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

शिरूरचा बाजार जिल्ह्याची हद्द मानत नाही. घोड नदी ही पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांमधील सीमा आहे. पण पलीकडच्या पारनेर व श्रीगोंदा तालुक्यांतील कितीतरी गावांना आपल्या तालुक्याच्या ठिकाणापेक्षा शिरूर जवळचे. दाखला काढायला पारनेरला जायचे आणि लुगडे घ्यायला घोडनदीला यायचे, अशी विभागणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. हा रस्ता शिरूरवरूनच जात असल्याने एस.टी.च्या इतिहासाची सुरुवात या बाजारपेठेच्या दारातून झाली आहे.

दौंड : रुळांच्या सांध्यावरचे गाव

दौंडची घडण वेगळी आहे. पुण्याहून सोलापूरच्या दिशेने लोहमार्ग १८५० च्या दशकाच्या अखेरीस टाकला जाऊ लागला आणि दौंड त्या मार्गावर आले. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि मद्रासकडे जाणारा व उत्तरेकडे जाणारा असे दोन मोठे मार्ग येथे जोडले गेले. १९१४ मध्ये बारामतीची अरुंद मापी गाडीही दौंडहून सुटू लागली. भीमथडी तालुक्यातील एका नदीकाठच्या गावाचे पाहता पाहता ‘जंक्शन’ झाले.

रेल्वेने माल आणला तशी माणसेही आणली. इंजिनचालक, फायरमन, गार्ड, खलाशी, तिकीट तपासनीस आणि त्यांची कुटुंबे रेल्वेच्या वसाहतीत राहू लागली. त्यांच्यात मराठी होते तसे तेलुगू, तमिळ, हिंदी बोलणारे, गोव्याकडचे ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनही होते. पुढे राज्य राखीव पोलीस दलाचे गटही येथे आले. दौंडच्या शाळेत एका वर्गात चार-पाच मातृभाषांची मुले बसणे ही नवलाची गोष्ट नव्हती, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की इडलीपासून भाकरीपर्यंत सगळे एकाच पंगतीला येई. मात्र बदलीच्या गावात मैत्रीलाही बदली असते. अर्धा वर्ग दर दोन-तीन वर्षांनी नवा होतो.

पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. तेवढा वेळ गाडी उभी राही. चहावाले, फळवाले, वडे विकणारे, हमाल, टांगेवाले अशी एक अख्खी उपजीविका या थांब्यावर जगली. शिरूरला नदीने थांबविले, दौंडला रुळांच्या सांध्याने. दोन्ही गावांची मुळे प्रवाशाच्या सक्तीच्या थांब्यात आहेत, आणि पुढे दिलेली सद्यस्थिती समजून घेण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवली पाहिजे.

बाजाराचा दिवस

आठवड्याचा बाजार हा खेड्यांच्या पंचांगातला आठवा सण म्हटला तरी चालेल. बाजाराच्या दिवशी शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढते, हे ग्रामीण भागात नोकरी केलेला कोणताही शिक्षक सांगू शकेल. त्या दिवशी मुलांना रागे भरण्यात अर्थ नसतो. कोणी आजीबरोबर कोंबडी धरून आलेला असतो, तर कोणी बापाच्या माळव्याच्या पाटीजवळ बसून हिशेब करीत असतो. शाळेत न येणारा गुणाकार तेथे बिनचूक येतो.

बाजारात बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत बाजाराचा ठेका देते आणि ठेकेदाराची माणसे जागेची पावती फाडतात. पण कोणी कोठे बसायचे हे पावतीवर लिहिलेले नसते. ते वहिवाटीने ठरते. मिरचीवाल्यांची ओळ, मडकी-गाडग्यांची ओळ, सुक्या बोंबलांची वाऱ्याच्या बाजूची ओळ, माळव्यावाल्या बायांची ओळ. एखादी म्हातारी दोन आठवडे आली नाही, तर शेजारची बाई तिची जागा राखून ठेवते आणि तिच्या गावच्या माणसाकडे विचारपूस करते. खेड्यात एकमेकांची खबर घेणे हे नात्याचे कर्तव्य असते. येथे ते जागेच्या शेजारातून येते.

बाजारकरी नुसती खरेदी करीत नाही. तो त्याच फेरीत कोर्टाची तारीख गाठतो, तलाठ्याला भेटतो, डॉक्टरला नाडी दाखवितो, लोहाराकडे विळ्याला धार लावतो आणि दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीची खुशाली तिच्या गावच्या माणसाकडून ऐकतो. मुलामुलींच्या स्थळांची पहिली कुजबुज बाजारातच होते. दुपारी भेळ-भत्त्याच्या गाड्यावर दोन्हीकडचे मामा-काका भेटतात, सहज म्हणून मुलाच्या शेतीची चौकशी होते, आणि पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही घरांनी हवी ती माहिती काढलेली असते. घरी जाताना गोडी शेव व रेवडीचा पुडा न्यायचाच. तो नसेल तर वाट पाहणाऱ्या पोरांच्या दृष्टीने बाजार भरलाच नाही.

गुरांच्या बाजाराची रीत निराळी आहे. जनावराचे वय दातांवरून सांगतात : आदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला. बैल चालवून पाहतात, खांद्यावरून हात फिरवतात, शेपटीजवळचा भोवरा बघतात. भाव मात्र तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी आकडा सांगितला जातो, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्यालाही तो कळत नाही. सौदा ठरला की विसार दिला जातो. हा सारा व्यवहार दलालाच्या तोंडच्या शब्दावर चाले, आणि ज्याचा शब्द एकदा खोटा ठरला त्याला पुढच्या शनिवारी त्याच माणसांपुढे उभे राहावे लागे. दर आठवड्याची ही भेट हीच बाजारातली सर्वांत मोठी जामीनकी होती.

घाऊक शेतमालासाठी आज बाजार समित्या आहेत. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन अधिनियम १९६३ मध्ये झाला. उघडा लिलाव, परवानाधारक आडते व मापाडी ही चौकट त्यातून आली. दौंड तालुक्यातील केडगाव हे कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाते. लिलावाच्या दिवशी गोण्यांच्या रांगांमधून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतो आणि काही क्षणांत एका कुटुंबाच्या चार महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरतो. त्या क्षणी शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे ज्याने पाहिले आहे, तो बाजाराचे वर्णन केवळ गोड शब्दांत करणार नाही.

उधारी, सावकारी आणि १८७५ चा उठाव

बाजाराच्या गावाचे आकर्षण ज्या ओळखीवर उभे आहे, तिचे दुसरे नाव उधारी. दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने, गावाने व शेताने ओळखतो, म्हणून वहीत मांडून माल देतो. सुगी झाली की पैसे फिटतात. पाऊस लांबलेल्या वर्षी अनेक घरांची चूल या वहीवर पेटली आहे. पण वही एकाच्या हाती असते आणि अंगठा दुसऱ्याचा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जवळीक तुटेपर्यंत ताणली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि पतही सैल झाली; १८६५ नंतर भाव कोसळले. त्यातच नव्या मोजणीनंतर सरकारी सारा वाढला. कर्ज वाढत गेले आणि कोर्टाच्या डिक्रीने जमिनी व घरे सावकारांकडे जाऊ लागली. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी बाबासाहेब देशमुख यांच्या मालमत्तेवर काळूराम नावाच्या सावकाराने अशीच डिक्री मिळविली, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेते कोणी कसायची नाहीत, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणी भरायचे नाही, असा हा बहिष्कार होता. गावगाड्यात एरवी दुबळ्यांना ताब्यात ठेवण्यासाठी जे हत्यार वापरले जाई, तेच येथे धनकोविरुद्ध उलटले.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे (आज बारामती तालुक्यात) येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले, धान्याची दुकाने लुटली गेली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखली जाते. सरकारने चौकशी आयोग नेमला व १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कागदपत्रांवर होता आणि माणसांवरील हिंसा त्यामानाने कमी झाली, असे चौकशीत दिसून आले. तरीही ज्या दुकानात आपण पिढ्यान्‌पिढ्या मीठ-मिरची घेतली, ते डोळ्यांदेखत जळताना पाहणाऱ्यांचे आणि जाळणाऱ्यांचेही पुढच्या बुधवारी काय झाले असेल, याचा विचार इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. सुप्याचा बाजार पुढेही भरत राहिला.

मुक्काम, यात्रा आणि आसरा

थांबणाऱ्याला वाढणे ही या भागाची जुनी रीत आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीच्या वाटेवर दौंड तालुक्यात यवत व वरवंड येथे मुक्काम करते. यवतच्या मुक्कामी वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण दिले जाते. भाकरी घरोघरी थापल्या जातात आणि एका ठिकाणी जमा होतात. कोणत्या घरची भाकरी कोणाच्या वाट्याला गेली हे कोणालाच ठाऊक नसते. शिरूर तालुक्यातील रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांपैकी एक असल्याने तेथे वर्षभर वर्दळ असते. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचे फड, तमाशा व बैलगाडा शर्यती असतात. न्यायालयीन बंदीमुळे काही वर्षे थांबलेल्या शर्यतींचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२३ मधील निर्णयाने मोकळा झाला. सोलापूर रस्त्यावरील चौफुला हे संगीतबारीच्या कला केंद्रांसाठी प्रसिद्ध आहे.

पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मुक्ती सदन उभारले, त्यालाही रेल्वेचे सान्निध्य उपयोगी पडले. १८९६–९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली व स्त्रिया दूरदूरच्या प्रांतांतून येथे आणल्या गेल्या. घर, गाव व जात या तिन्हींनी ज्यांना बाहेर ठेवले, त्यांना एका आडगावच्या स्थानकाजवळ छप्पर मिळाले. रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी झाले. संस्था आजही कार्यरत आहे.

बाजाराची बंद दारे

बाजार सर्वांना बोलावतो, पण सर्वांना सारखे बसवीत नाही. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांना पैसे लांबून टाकावे लागत, माल लांबून घ्यावा लागे, हॉटेलात त्यांचा कप वेगळा असे. नाणे मात्र कोणाचेही चाले. तरीसुद्धा खेड्यातून बाजाराच्या गावी येऊन राहणे ही या समाजांतील अनेकांना सुटकेची वाट वाटली. रेल्वेत खलाशी किंवा गँगमन म्हणून लागलेल्या माणसाला महिन्याला रोख पगार मिळे आणि येसकराच्या भाकरीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नसे.

कोरेगावच्या जयस्तंभास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली आणि तेव्हापासून दर वर्षी या दिवशी तेथे मोठा जनसमुदाय येतो. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा व परिसरात हिंसाचार झाला. वाहने व दुकाने जाळली गेली आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. एकाच रस्त्यावर वर्षानुवर्षे शेजारी दुकान लावणाऱ्यांमध्ये त्यानंतर जे मौन आले, ते आठवड्याच्या भेटीने आपोआप भरून निघणारे नव्हते.

सद्यस्थिती

१९९० नंतर रांजणगाव येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली; दौंड तालुक्यात कुरकुंभ येथेही तशी वसाहत आहे. मराठवाडा, विदर्भ, बिहार व उत्तर प्रदेशातून आलेले कामगार परिसरात भाड्याच्या खोल्यांमध्ये राहतात. सुट्टीच्या दिवशी तेही बाजार करतात आणि भाजीवाल्या मावशींनी त्यांच्यापुरती हिंदी शिकून घेतली आहे. कारखान्यांमुळे जमिनींचे भाव चढले, काही घरांत अचानक पैसा आला आणि भावाभावांतील दावेही वाढले.

दरम्यान, ज्या थांब्यांनी ही गावे घडविली ते थांबे हळूहळू नाहीसे होत आहेत. पुणे–नगर महामार्गाची वाहतूक वळणरस्त्याने शिरूरच्या बाहेरून निघून जाते. दौंडला कॉर्ड लाइन झाल्याने पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना इंजिन फिरविण्यासाठी जंक्शनमध्ये शिरण्याची गरज उरलेली नाही. प्रवाशाचा अर्धा-पाऊण तास वाचतो, ही निश्चितच सोय आहे. फलाटावर वडे विकणाऱ्याचे गिऱ्हाईक मात्र त्याच अर्ध्या तासात होते. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरज घटली आणि गुरांच्या बाजारात आता शेळ्या-मेंढ्या व दुभत्या गाई जास्त दिसतात. किराणा मोबाईलवरून मागविता येतो. वहीची जागा बऱ्याच दुकानांत दर्शनी भिंतीवरच्या क्यूआर कोडने घेतली आहे, आणि तो कोड उधार देत नाही.

नव्या भेटी दुसरीकडे होऊ लागल्या आहेत. दौंडहून रोज हजारो लोक नोकरी-शिक्षणासाठी पुण्याला ये-जा करतात. २०१७ मध्ये पुणे–दौंड डेमू गाड्या सुरू झाल्या. या मार्गाला उपनगरी रेल्वेचा दर्जा मिळावा अशी पासधारकांची जुनी मागणी आहे. सकाळच्या गाडीत डब्याडब्यांतून ठरलेले गट बसतात. कोणी भजन म्हणतात, कोणी पत्ते खेळतात, कोणी दिवाळीचा फराळ एकत्र उघडतात. एखादा नेहमीचा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर त्याची बाकावरची जागा राखून ठेवतात आणि केडगावला चढणाऱ्याकडे त्याची चौकशी करतात.